डॅफोडिल दरवर्षी फुलावं म्हणून: कंद निवडण्यापासून पानं वाळेपर्यंत सगळं

डॅफोडिल पहिल्या वर्षी बहुतेक कुणाच्याही घरी फुलतं. सप्टेंबरात दुकानातून आणलेल्या कंदाच्या पोटात पुढच्या मार्चचं फूल आधीच तयार असतं, आपण तो फक्त जमिनीत घालायचा. खरा प्रश्न असतो दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचा. इथे यूकेमध्ये आपल्या कितीतरी लोकांच्या बागेत मी बघते, पहिल्या वर्षी पिवळाधम्मक ताटवा, दुसऱ्या वर्षी चार फुलं आणि तिसऱ्या वर्षी नुसती पानं, मग म्हणतात कंद खराब निघाले. कंद खराब नसतात हो. फुलं गेल्यावरच्या सहा-आठ आठवड्यांत त्यांना जे मिळायला हवं होतं ते मिळालेलं नसतं. म्हणून ह्या लेखात लावणी सविस्तर सांगतेच, पण फुलं गेल्यानंतरचा भाग कृपा करून सोडून देऊ नका, सगळ्यात जास्त महत्त्वाचं तिथेच आहे.

सगळं इंग्लंडच्या हवामानाला धरून लिहिलंय. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि आपल्याकडे महाराष्ट्रात काय करायचं ते शेवटी आहे.

कंद कोणते घ्यायचे

ऑगस्ट संपता संपता गार्डन सेंटरमध्ये कंदांच्या जाळीच्या पिशव्या यायला लागतात आणि पाकिटांवरचे फोटो सगळे एकसारखे सुंदर असतात, त्यामुळे आधी आपली जागा कशी आहे ते ठरवा आणि मग जात निवडा. डॅफोडिलच्या हजारो जाती आहेत आणि आरएचएसने, म्हणजे इथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी ह्या बागकामाच्या संस्थेने, त्यांचे १३ गट केलेत, पण घरच्या बागेसाठी एवढं सगळं माहीत असायची गरज नाही.

छोटी बाग, कुंड्या, खिडकीतली लांबट ट्रे असेल तर टेट-अ-टेट घ्या, दुसरा विचारच करू नका. वीतभर उंचीचं रोप, एका दांड्यावर बरेचदा दोन-तीन फुलं, वाऱ्याने आडवं होत नाही, लवकर फुलतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. फेब्रुवारी गोल्ड आणि जेटफायर ह्यासुद्धा बुटक्या आणि लवकर येणाऱ्या जाती, पाकळ्या मागे वळलेल्या असतात, वाऱ्याच्या तोंडावर तोंड दिल्यासारख्या. मोठं, कर्णा पुढे काढलेलं टिपिकल पिवळं डॅफोडिल हवं असेल तर डच मास्टर किंवा कार्लटन. किंग अल्फ्रेड हे नाव खूप दिसेल, ती १८९९ सालची जुनी जात, पण आज त्या नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेळा तसंच दिसणारं दुसरंच काहीतरी असतं, फुलं छान येतात त्यामुळे घ्यायला हरकत नाही, फक्त नावासाठी जास्त पैसे देऊ नका.

पांढरं आवडत असेल तर थालिया. एका दांड्यावर दोन-तीन शुभ्र फुलं, नाजूक, वास हलका आणि गोड. मला स्वतःला सगळ्या डॅफोडिलांत हीच सगळ्यात जास्त आवडते. अॅक्टिया पांढऱ्या पाकळ्यांची, मधे छोटी पिवळी वाटी आणि तिला लाल कड, ती एप्रिलमध्ये सगळ्यात शेवटी येते आणि वास अप्रतिम. लवकरची एक, मधली एक आणि उशिराची एक अशा तीन जाती लावल्या की फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलच्या शेवटापर्यंत बागेत काही ना काही असतंच. डबल फुलांच्या, म्हणजे खूप पाकळ्या असलेल्या जाती दिसायला भरगच्च असतात, पण कळ्या भरताना पाणी कमी पडलं किंवा एकदम ऊन वाढलं तर त्या न उमलताच तपकिरी होऊन वाळतात, म्हणून पहिल्याच वर्षी नकोत.

कंद हातात घेऊन बघा. जड लागला पाहिजे, दाबल्यावर कडक लागला पाहिजे, विशेषतः बुडाशी, जिथून मुळं फुटतात तिथे. बूड मऊ किंवा लालसर-तपकिरी असेल तर तो फ्युजेरियम बुरशीने सडायला लागलेला असतो, असा एक कंदसुद्धा पिशवीत ठेवू नका. वरचं कागदासारखं साल सुटलेलं असेल तर काही बिघडत नाही. पाकिटावर १२/१४ किंवा १४/१६ असे आकडे असतात, ती कंदाच्या घेराची सेंटिमीटरमधली मापं, जितका घेर मोठा तितकी फुलं जास्त. एकाच कंदाला दोन-तीन टोकं असतील तर उत्तम, प्रत्येक टोकातून फूल यायची शक्यता असते, ती टोकं मोडून वेगळी करत बसू नका.

एक गोष्ट आत्ताच सांगते. डॅफोडिल विषारी असतं, कंद, पानं, फुलं सगळंच, त्यात लायकोरिन नावाचं द्रव्य असतं आणि खाल्लं तर उलट्या, पोटात कळा असा त्रास होतो. कंद दिसतो हुबेहूब कांद्यासारखा. पिशवी गार्डन सेंटरमधून आणली की किचनच्या ओट्यावर किंवा कांदे-बटाट्यांच्या टोपलीशेजारी अजिबात ठेवायची नाही, सरळ शेडमध्ये किंवा गराजमध्ये न्यायची. घरात आजी-आजोबा भारतातून आलेले असतील तर त्यांना मुद्दाम दाखवून सांगा. आणि आपल्यापैकी खूप जण वाफ्यात कांद्याची पात, लसणाची पात लावतात, त्याच्या जवळपासही डॅफोडिल लावू नका, कोवळी असताना पानं अगदी तशीच दिसतात. ही उगाच घातलेली भीती नाहीये, २०१५ साली पब्लिक हेल्थ इंग्लंड ह्या तेव्हाच्या सरकारी आरोग्य संस्थेने सुपरमार्केट्सना सांगितलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्यापासून लांब ठेवा, कारण लोकांनी चायनीज पात समजून खाल्ल्याच्या केसेस झाल्या होत्या. कुत्रं-मांजर असेल तर कंद उकरून खाणार नाही ह्याकडे लक्ष ठेवा. फुलदाणीतलं पाणीसुद्धा त्यांना प्यायला मिळता कामा नये.

कधी लावायचं

सप्टेंबर उत्तम, ऑक्टोबर चांगला, नोव्हेंबर चालेल. माती थंडावायला लागली की डॅफोडिलला मुळं फुटायला सुरुवात होते, आणि ती खूप लवकर फुटतात, ट्युलिपपेक्षा बऱ्याच आधी. म्हणून दोन्ही एकाच दिवशी लावायचा मोह आवरा, ट्युलिप नोव्हेंबरात लावलेलेच बरे, डॅफोडिल आधी.

आपल्या कॅलेंडरवर सांगायचं तर गणपती गेले की कंद आणायचे, दसऱ्यापर्यंत लावून टाकायचे, आणि दिवाळी ही शेवटची तारीख समजायची. अधिक महिना असला की दिवाळी नोव्हेंबरात जाते, त्या वर्षी मात्र दसऱ्यालाच काम उरका. दिवाळीनंतर दुकानात उरलेले कंद निम्म्या किमतीत मिळतात, ते कडक असतील तर जरूर घ्या आणि त्याच वीकेंडला लावा, पहिल्या वर्षी दांडे थोडे आखूड येतील, उशिरा फुलतील, पण पुढच्या वर्षापासून लायनीवर येतात. पुढच्या सीझनला लावू म्हणून वर्षभर शेडमध्ये ठेवलेला कंद मात्र पोकळ होऊन जातो. डिसेंबरमध्ये पिशवी सापडली तरी लावूनच टाका.

जागा आणि माती

फेब्रुवारी ते मे ऊन मिळालं पाहिजे. ह्या एका वाक्यात एक छान सोय दडलीये, पानगळीच्या झाडाखालची जागा चालते, कारण तेव्हा झाडावर पानंच नसतात आणि झाड हिरवं होईस्तोवर डॅफोडिलचं बरंचसं काम उरकलेलं असतं. सफरचंदाच्या किंवा चेरीच्या झाडाखाली म्हणूनच एवढी छान दिसतात. कोनिफर किंवा बारमाही हिरव्या हेजच्या खाली मात्र नको, तिथे अंधार पण आणि माती पण कोरडी.

दुसरी अट म्हणजे पाणी साचता कामा नये. उत्तर-पश्चिम लंडनमध्ये, हॅरो-वेम्बलीकडे ज्यांची घरं आहेत त्यांना तिथली चिकणमाती माहितीच आहे, हिवाळ्यात बुटाला चिकटून येते आणि उन्हाळ्यात आपल्याकडच्या काळ्या मातीसारख्या भेगा पडतात. अशा मातीत नुसता खड्डा करून कंद टाकला तर खड्ड्यात हिवाळाभर पाणी राहतं आणि बूड सडतं. थोडं मोठं क्षेत्र घ्या, फावडंभर खोल माती मोकळी करा, त्यात घरचं कंपोस्ट किंवा पानांचं कुजलेलं खत आणि हॉर्टिकल्चरल ग्रिट, म्हणजे बागेसाठी मिळणारी बारीक खडी, मिसळा. ताजं शेणखत नको, कंद सडतो. फारच वाईट माती असेल तर १५-२० सेंटिमीटर उंच वाफा करून घ्या, सगळे प्रश्न एकदम सुटतात. रेताड माती असेल तर उलटं, तिथे कंपोस्ट जास्त घाला कारण वसंतात ती फार लवकर वाळते.

लावणी

खोली हा लोकांचा सगळ्यात जास्त चुकणारा मुद्दा. नियम सोपा आहे, कंद जेवढा उंच त्याच्या तिप्पट खोल खड्डा, म्हणजे कंद ठेवल्यावर त्याच्या डोक्यावर त्याच्या उंचीच्या दुप्पट माती आली पाहिजे. मोठा डच मास्टरचा कंद पाचेक सेंटिमीटर उंच असतो, त्याला १५ सेंटिमीटर खड्डा. टेट-अ-टेटचा लहान असतो, त्याला दहा पुरतो. हलक्या मातीत दोन-तीन सेंटिमीटर जास्त गेलं तरी चांगलंच. उथळ लावला की कंद स्वतःला वाचवायला लहान लहान पिल्लांत फुटत जातो, एकाही पिल्लात फुलाएवढी ताकद नसते, शिवाय उन्हाळ्यात तापतो आणि कंदमाशीलाही तो सहज सापडतो. म्हणजे एका चुकीचे तीन तोटे.

टोक वर, चपटं बूड खाली. कळतच नसेल कोणती बाजू कुठली तर आडवा ठेवा, कोंब आपोआप वर वळतो. बूड मातीला टेकलेलं असू द्या, खाली पोकळी राहिली तर तिथे पाणी साचतं. हातमोजे घाला, डॅफोडिलच्या चिकाने आणि सालीच्या धुळीने बऱ्याच जणांच्या हातावर पुरळ येतं, फुलशेतीत काम करणाऱ्यांना हा त्रास कायम होतो.

अंतर दोन कंदांमध्ये साधारण दोन कंद बसतील एवढं, मोठ्या जातींना १०-१५ सेंटिमीटर, छोट्यांना सात-आठ. आणि प्लीज, फूटपट्टीने रांगेत शिपायांसारखे उभे करू नका. दहा-बाराचा एक गोल खड्डा करून त्यात सगळे एकत्र बसवले की झुपका येतो आणि तोच उठून दिसतो. लॉनमध्ये लावायचे असतील तर मूठभर कंद हलकेच गवतावर उधळा आणि जो जिथे पडला तिथेच लावा, दोन अगदी चिकटून पडले असतील तेवढेच थोडे सरकवा. बल्ब प्लांटर नावाचं एक दंडगोल हत्यार मिळतं, लॉनसाठी ते कामाचं, गवतासकट मातीचा गोळा बाहेर निघतो, कंद ठेवायचा, गोळा परत बसवायचा आणि पायाने हलकं दाबायचं.

खड्ड्यात बोनमील, म्हणजे हाडांचा चुरा, टाका असं पाकिटावर लिहिलेलं असतं. ज्यांच्या बागेत रात्री कोल्हे येतात, आणि लंडनमध्ये ते सगळीकडे येतात, त्यांनी टाकू नका, वासाने ते सगळं उकरून ठेवतात. नव्या कंदाला पहिल्या वर्षी खत लागतही नाही, त्याची शिदोरी त्याच्याजवळ असते. खारींचं म्हणाल तर त्या डॅफोडिल खात नाहीत, ट्युलिप आणि क्रोकस खातात, पण नुकतीच उकरलेली माती दिसली की बघायला येतात आणि कंद वर काढून टाकतात. दोन-तीन आठवडे वर चिकनवायर, म्हणजे तारेची जाळी, अंथरून ठेवली की नाद सोडतात.

लावून झालं की एकदा भरपूर पाणी द्या आणि जिथे लावलेत तिथे काडी रोवून नाव लिहून ठेवा. नाहीतर जानेवारीत आपणच तिथे कुदळ मारतो.

कुंडीत लावायचं असेल तर

फ्लॅट आहे, बाल्कनी आहे, भाड्याचं घर आहे, तरी डॅफोडिल होतात. कुंडी कमीत कमी २५-३० सेंटिमीटर रुंद आणि तेवढीच खोल, बुडाला भोकं हवीतच. पीट नसलेलं मल्टिपर्पज कंपोस्ट तीन भाग आणि ग्रिट एक भाग. कंद जमिनीतल्यापेक्षा जवळ लावता येतात, एकमेकांना आणि कुंडीच्या कडेला टेकू नयेत एवढंच बघा. एका ३० सेंटिमीटरच्या कुंडीत टेट-अ-टेट पंधराएक सहज मावतात. दोन थरही लावता येतात, खाली मोठी उशिराची जात, वर मातीचा थर, त्यात छोटी लवकरची, कोंब आपापली वाट काढतात.

कुंडी बाहेरच ठेवायची. हे पुन्हा सांगते कारण थंडी वाजेल म्हणून कुंड्या घरात घेणारे आपल्यात खूप आहेत. डॅफोडिलला थंडी लागतेच, साधारण तीनेक महिने नऊ अंशांच्या खाली, त्याशिवाय दांडा लांबत नाही आणि कळी पानातच अडकून राहते. बर्फ पडला, पानं आडवी झाली, तरी चिंता नको, वितळलं की उभी राहतात. कुंडीखाली विटेचे तुकडे ठेवून ती जमिनीपासून उचला म्हणजे भोकं बंद होत नाहीत. आणि हिवाळा कोरडा गेला, किंवा कुंडी छज्जाखाली असेल, तर महिन्यातून दोनदा पाणी द्या, वरची माती ओलसर असली पाहिजे. कुंडीतली डॅफोडिल्स न फुलण्याचं कारण बरेचदा थंडी नसून कोरडी माती असतं.

जानेवारी-फेब्रुवारीत सुपरमार्केटमध्ये छोट्या कुंडीतली कळ्यांनी भरलेली टेट-अ-टेट स्वस्तात मिळतात. हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायला छान आहेत ती! फुलं गेली की मात्र फेकू नका, अख्खा गठ्ठा तसाच बागेत खोल लावा, पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी येतात.

फुलं आल्यावर

जानेवारीत कोंब दिसायला लागतात, दक्षिणेकडे फेब्रुवारीच्या शेवटी पहिली फुलं, मार्च म्हणजे ऐन भर. वेल्समध्ये एक मार्चला सेंट डेव्हिड्स डेला लोक कोटावर डॅफोडिल लावतात, आणि आपला पाडवा मार्चमध्ये आला तर गुढीच्या शेजारी घरचीच फुलं ठेवता येतात. स्कॉटलंडमध्ये दोन-तीन आठवडे उशीर धरा.

घरात ठेवायला कळी पिवळी होऊन मान वाकवते त्या अवस्थेत तोडा, पूर्ण उमललेलं तोडलं तर दोन दिवसांत जातं. फक्त दांडा घ्या, पान एकही नाही. कापलेल्या दांड्यातून चिकट चीक येतो, त्याने इतर फुलं, विशेषतः ट्युलिप, लवकर मान टाकतात. म्हणून डॅफोडिल एक रात्रभर वेगळ्या पाण्यात ठेवा, सकाळी ते पाणी ओतून द्या आणि दांडे परत न कापता बाकीच्या फुलांत मिसळा. देवाला वाहायला काहीच हरकत नाही, पण तीर्थाच्या पाण्यात किंवा नैवेद्याच्या ताटात पडू देऊ नका.

आता खरं काम

फूल सुकलं की त्याच्या मागची हिरवी फुगीर गाठ, जिथे बी धरतं, ती फुलासकट चिमटीने तोडा. बी करण्यात कंदाची ताकद फुकट जाते. दांडा मात्र राहू द्या, तो हिरवा आहे तोवर पानासारखंच काम करतो.

आणि पानं. पानांना हात लावायचा नाही.

काय होतं ते समजून घ्या म्हणजे पटेल. फूल येताना कंदाने साठवलेलं जवळजवळ सगळं खर्च केलेलं असतं, मार्च संपता संपता जमिनीतला कंद रिकामा झालेला असतो. एप्रिल-मेच्या उन्हात पानं जी साखर करतात ती खाली उतरून कंद परत भरते, आणि कंद पुरेसा भरला तर साधारण मे-जूनमध्ये त्याच्या पोटात पुढच्या वर्षाची कळी धरते. म्हणजे पुढच्या मार्चमध्ये फूल येणार की नाही हे आदल्या वर्षीच्या मे महिन्यातच ठरून जातं! नंतर ऑक्टोबरात तुम्ही कितीही महागाचं खत घाला, कळीच धरलेली नसेल तर ते कुठून आणणार.

म्हणून फुलं गेल्यापासून कमीत कमी सहा आठवडे पानं हिरवी आणि उन्हात मोकळी राहिली पाहिजेत, जास्त राहिली तर आणखी चांगलं. पिवळी पडून आडवी झाली आणि हलकेच ओढल्यावर हातात आली की मगच काढायची. पानं गोळा करून त्यांची गाठ मारायची किंवा वेणी घालून रबरबँड लावायची एक जुनी पद्धत इथे दिसते, बाग नीटनेटकी दिसते खरी, पण गाठीच्या आतल्या पानांना ऊन मिळत नाही आणि मोडलेल्या पानातून रस नीट उतरत नाही. करू नका. लॉनमध्ये असतील तर तेवढा तुकडा मशीन न फिरवता सोडा, मेच्या मध्यानंतर कापा. हे जमणार नसेल, घरातल्या कुणाला लॉन अस्ताव्यस्त बघवत नसेल, तर लॉनमध्ये फक्त लवकरच्या जाती लावा, त्यांची पानं लवकर उरकतात.

पिवळी पडणारी पानं दिसायला वाईट दिसतात हे मान्य, पण त्याचा उपाय कात्री नाही. डॅफोडिल बॉर्डरमध्ये मागच्या बाजूला लावा आणि पुढे होस्टा, हार्डी जिरेनियम, डे-लिली अशी झाडं लावा जी एप्रिलच्या शेवटी भराभर वाढतात, पानं आपोआप झाकली जातात. कुंडीतली असतील तर कुंडी उचलून घराच्या मागे उन्हात ठेवा, पाहुण्यांना दिसणार नाही आणि पानांचं काम चालू राहील.

ह्याच काळात खाऊ-पिऊ घाला. जमिनीतल्यांना फेब्रुवारीत कोंब वर आले की सभोवार थोडं साधं बॅलन्स्ड खत, आणि फुलं गेल्यावर पोटॅश जास्त असलेलं काहीतरी. टोमॅटोसाठी मिळणारं लिक्विड फीड एकदम योग्य, कुंड्यांना दर आठ-दहा दिवसांनी द्या, पानं पिवळी पडायला लागेपर्यंत. लॉनचं खत देऊ नका, त्यात नायट्रोजन भरमसाट असतो, पानं माजतात आणि कंद मऊ राहून सडायला सोपा होतो. एप्रिल-मे कोरडा गेला, हल्ली तसं बरेचदा होतं, तर आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्या. फुलं गेली म्हणून पाणी बंद करणं म्हणजे कंद भरायच्या ऐन वेळेला त्याचं ताट काढून घेणं. पानं वाळली की मात्र पाणी पूर्ण बंद, उन्हाळ्यात त्याला कोरडी झोप हवी असते.

पानं येतात, फूल येत नाही

इथे ह्याला कंद आंधळा झाला म्हणतात. कारणं बहुतेक वरचीच, पानं लवकर कापली, वसंतात पाणी मिळालं नाही, कंद उथळ आहे, किंवा शेजारचं झुडूप वाढून सावली आली. आणखी एक म्हणजे गर्दी. कंदाला दरवर्षी पिल्लं होतात, चार-पाच वर्षांत दहाचे चाळीस होतात आणि सगळे उपाशी राहतात. दाट बारीक गवतासारखी पानं आणि फुलं जेमतेम असं दिसलं की समजा वेळ झाली. जूनमध्ये पानं पिवळी पडली की बागेच्या फोर्कने लांबून आणि खोलवरून अख्खा झुपका उचला, हाताने सहज सुटतील तेवढेच कंद सुटे करा, मऊ असलेले फेका, बाकीचे लगेच नव्या जागी योग्य खोलीवर लावा किंवा सावलीत वाळवून जाळीच्या पिशवीत हवेशीर ठेवा आणि सप्टेंबरात लावा. लहान पिल्लं फुलायला दोन-तीन वर्षं घेतात, त्यांना एका कोपऱ्यात वाढू द्या.

कंदमाशी ओळखून ठेवा. छोट्या भुंग्यासारखी दिसते, मे-जूनच्या उन्हात वाळणाऱ्या पानांच्या बुडाशी अंडी घालते, अळी कंदात शिरून मधला गाभा खाते, पुढच्या वर्षी फक्त गवतासारखी बारीक पानं येतात नाहीतर काहीच येत नाही. औषध काही नाही. पानं वाळून गेली की जमिनीत जे भोक राहतं तिथली माती पायाने दाबून ते बुजवून टाका, खोल लावलेले कंद आणि पानगळीच्या झाडाखालची थोडी सावलीची जागा ह्यांचाही फायदा होतो. उचललेला कंद मानेपाशी मऊ लागला तर कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही.

पानांवर पिवळे पट्टे आणि रोप खुरटं असेल तर व्हायरस, अख्खं रोप काढून टाका. पानांवर छोटे पिवळट फोड आणि पानं वाकडीतिकडी, कंद आडवा कापला तर आत तपकिरी वलयं, हे सूक्ष्म कृमीचं काम. ह्या कृमीने इंग्लंडमधली डॅफोडिलची शेती जवळपास संपत आली होती, पहिल्या महायुद्धाच्या काळात आरएचएसच्या विस्लीच्या बागेत जेम्स रॅम्सबॉटम यांनी कंद काही तास ठराविक तापमानाच्या गरम पाण्यात ठेवायची युक्ती काढली आणि धंदा वाचला. शेतकरी आजही ते करतात. तापमान थोडं वर गेलं तर कंद शिजतो आणि खाली राहिलं तर कृमी मरत नाही, त्यामुळे घरी करू नका, रोगट झुपका काढून टाका आणि त्या जागी काही वर्षं डॅफोडिल लावू नका.

बाकीच्या ठिकाणी

न्यू जर्सी, शिकागोकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरची सुरुवात, जमीन गोठायच्या बरंच आधी. तिथे हरणं सगळी बाग खातात पण डॅफोडिलला तोंड लावत नाहीत, त्यामुळे ट्युलिप गमावून बसलेल्यांनी इकडे वळा. ह्युस्टनसारख्या गरम ठिकाणी टॅझेटा गटातल्या जाती, म्हणजे एका दांड्यावर गुच्छ येणाऱ्या. मेलबर्नला सगळं उलट, मार्च ते मे लावणी आणि ऑगस्टपासून फुलं.

आता पुणे-मुंबई-नाशिककडे विचारलं जातं त्याचं. डॅफोडिल भारतात फुलतं, काश्मीरमध्ये त्याच्याच जातकुळीतलं नर्गिस सगळ्यांना माहितीच आहे, श्रीनगरच्या ट्युलिप गार्डनमध्येही ट्युलिपबरोबर डॅफोडिल असतात. पण पुण्याची थंडी त्याला पुरत नाही, रात्री दहा-बारा अंश झाले तरी दुपारी ऊन चटका देतं. हौस असेल तर तिथल्या नर्सरीतून किंवा ऑनलाइन भारतीय विक्रेत्याकडून कंद घ्या, कागदी पिशवीत घालून फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात बारा आठवडे ठेवा, बरोबर फळं ठेवू नका कारण फळांतून निघणाऱ्या इथिलीनने आतली कळी मरते, आणि पिशवीवर विषारी असं मोठ्या अक्षरांत लिहून ती बंद डब्यात ठेवा. डिसेंबरच्या सुरुवातीला कुंडीत लावून सगळ्यात थंड खिडकीत ठेवा. फुलेल, पण तो कंद पुढच्या वर्षी परत फुलेल ही अपेक्षा धरू नका, उन्हाळ्यात तो तग धरत नाही.

त्यापेक्षा पेपरव्हाइट नावाची पांढरी गुच्छाची नार्सिसस (हे डॅफोडिलचंच शास्त्रीय नाव) मिळाली तर ती घ्या. तिला थंडी द्यावी लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पसरट भांड्यात गोटे भरून त्यावर कंद बसवा, पाणी फक्त बुडाला टेकेल इतकंच, कंद पाण्यात बुडता कामा नये, पहिले काही दिवस गार आणि अंधाऱ्या जागी, मुळं धरली की उजेडात. चार-सहा आठवड्यांत फुलं येतात, वास मात्र उग्र असतो, छोट्या खोलीत सगळ्यांनाच झेपतो असं नाही. आणि दरवर्षी जमिनीतून आपोआप येणारं काही हवं असेल तर महाराष्ट्रात रेन लिली, अॅमरेलिस आणि मे महिन्यात लालभडक गोळा फुलवणारी फुटबॉल लिली लावा, तिन्ही डॅफोडिलच्याच कुळातल्या आहेत आणि आपल्या उन्हा-पावसात मजेत राहतात.

इंग्लंडहून जाताना बॅगेत कंद टाकून नेऊ नका. भारतात लावणीसाठी कंद आणायला आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट दोन्ही लागतं, आणि हे नियम उगाच नाहीयेत, वर सांगितलेली कृमी आणि व्हायरस कंदाच्या पोटातूनच प्रवास करतात.